पिंपाला लावलेला कान

त्या घरात स्वतःच्या वाइनला कधी कुणी चांगलं म्हटलं नाही. दरवर्षी नव्या वाइनची पहिली बाटली उघडली, की चौघं जेवणाच्या टेबलाभोवती बसायची, बाबा प्रत्येकाच्या ग्लासात बोटभर ओतायचे आणि नावं ठेवायला सुरुवात व्हायची. "यंदा नुसतं लिंबू चोखल्यासारखं झालंय," आई म्हणायची. "आडमुठी आहे, दहादा विचारल्याशिवाय बोलायची नाही," बाबा म्हणायचे. धाकट्याला ओल्या दगडाचा वास यायचा, आणि थोरली म्हणायची, दगड तरी बरा लागला असता. अशी नावं ठेवता ठेवता बाटली रिकामी व्हायची. दुसऱ्या कुणाच्या मळ्यातली बाटली भेट आली, की मात्र घर एकदम सभ्य व्हायचं. बाबा एक घोट घ्यायचे, ग्लास हळूच खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "छान आहे." आई मान डोलवायची, "छान आहे हो, खरंच." उरलेली बाटली दुसऱ्या दिवशी स्वयंपाकात जायची.

वाइन पांढरी, आणि ड्राय. म्हणजे रसातली साखर शेवटच्या कणापर्यंत संपलेली, गोडव्याचा मागमूस नाही. ती साखर खाणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांना जग यीस्ट म्हणतं. बाबा विरजण म्हणायचे. ते दुकानातून आणायचं नसतं, आपलं आपण येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि ते दरवर्षी येतही असे.

मळा बायोडायनॅमिक होता. हा काय प्रकार आहे असं कुणी चुकून विचारलं, तर बाबा त्याला जेवायच्या वेळेपर्यंत सोडत नसत. गाईच्या शिंगांत शेण भरून ती थंडीभर जमिनीत पुरायची. मग त्यातलं चिमूटभर शेण पाण्यात घालून ते तासभर ढवळायचं, आधी एका अंगाने, भोवरा पडला की उलट अंगाने, मध्ये थांबायचं नाही. चंद्राच्या कॅलेंडरात मुळांचे दिवस वेगळे, पानांचे वेगळे, फुलांचे आणि फळांचे वेगळे. तोडणी फळांच्या दिवशी. मुळांच्या दिवशी कुणी बाटली उघडलीच, तर बाबांचं तोंड संध्याकाळपर्यंत वाकडं. शेजारचे हसायचे. बाबांनी कधी मनावर घेतलं नाही.

चंद्रावर एवढं बोलणारा हा माणूस एका गोष्टीवर मात्र अवाक्षर काढत नसे, आणि ती म्हणजे तळघराच्या भिंती. त्या काळ्या होत्या. आजोबांच्या वेळेपासून त्यांच्यावर मऊ काळी बुरशी धरली होती, मांजराच्या पाठीवर असावी तशी दाट. "भिंतींना हात लावायचा नाही," एवढंच बाबा म्हणायचे. का, ते नाही. आई लग्न होऊन आली तेव्हापासून ह्यावरून खटके उडत. "वर मी घर आरशासारखं ठेवते आणि खाली ह्यांची कोळशाची खाण," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "हात लावू नकोस म्हणजे नकोस," बाबा म्हणायचे आणि विषय संपायचा. एक वाक्य जास्त बोलले असते तर काय जीभ झिजली असती? पण आपण श्वास घेतो हे कुणी कुणाला समजावून सांगतं का? त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नसावं.

बाबा हिवाळा सरता सरता गेले, त्याच तळघरात. जेवायला का येत नाहीत म्हणून आई हाक मारायला खाली गेली, तर ते मोठ्या पिंपाच्या पायथ्याशी आडवे पडलेले.

थोरली शहरात दातांच्या दवाखान्यात कामाला होती. तिला घरी फार दिवस थांबता आलं नाही. आली, रडली, गेली. मळ्याचं सगळं धाकट्यावर आलं. उन्हाळा सरल्यावर, तोडणीच्या वेळी मात्र ती लांबची रजा काढून घरी परतली. बॅग खाली ठेवते न ठेवते तोच आईने तिचा हात धरला. "चल, तुला काहीतरी दाखवायचंय."

आई पुढे झाली. जिन्यावरचा दिवा लावला आणि एखादं लपवून ठेवलेलं बक्षीस दाखवावं तशी बाजूला सरली. तळघर पांढरंशुभ्र होतं. भिंती खरवडून, ब्लीचने धुऊन, वर चुन्याचा हात फिरवलेला. छताचे कोपरे पांढरे, फरशी पांढरी. पिंपांचं लाकूडसुद्धा आतबाहेर घासून फिकट पडलेलं.

"एकटीने केलंय," आई म्हणाली. "धाकट्याने फक्त शिडी धरली. अगं, माणसं भेटायला यायची आणि जो तो खाली उतरायचा, ते कुठे पडले होते ते बघायला. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हटलं, निदान आता तरी ह्यांची जागा स्वच्छ असावी. आणि ह्यांच्या कॅलेंडरात बघूनच केलं हं सगळं. फुलांचा दिवस होता."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईचे हात अजून सालपटलेले होते. "किती स्वच्छ झालंय, आई," ती म्हणाली आणि तिने आईला मिठी मारली. पुढे हे वाक्य आठवलं, की तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं.

तोडणी चांगली झाली. द्राक्षं निरोगी होती, साखर भरलेली होती. रस निघाला, मोठ्या पिंपात गेला, आणि घरातला जुना रिवाज सुरू झाला. रोज सकाळी, तोंड धुण्याच्याही आधी, एकेकाने खाली जायचं आणि पिंपाला कान लावायचा. आत विरजण कामाला लागलं, की लाकडातून बारीक खळखळ ऐकू येते. ज्याला पहिल्यांदा ऐकू येईल त्याने ओरडायचं, "बोलायला लागलं!" दरवर्षी हा मान आईच पटकावायची. बाबा म्हणायचे, हिला माझं काही ऐकू येत नाही, पिंपाचं बरोबर येतं.

ह्या वर्षी पहिले दोन-तीन दिवस आत काहीतरी कुजबुजलं. मग तेही थांबलं. आई कान लावून उभी राहायची, गाल लाकडाला टेकवून, डोळे मिटून. वर आली की कुणी न विचारता सांगायची, "उद्या बोलतील."

"बोलतील?" धाकट्याने एकदा हळूच थोरलीकडे बघून विचारलं.

आई पिंपाला बाबा समजत होती असं नव्हे, एवढी ती वेडी झाली नव्हती. पण त्या मळ्यात बाबांच्या हातचं जे जे होतं, त्यातलं आवाज करणारं एवढंच एक होतं. तिने ते सगळा उन्हाळा मनात धरून ठेवलं होतं. तोडणी झाली, की ते एकदा बोलतील. त्या एका गोष्टीवर ती जेवत होती, झोपत होती, केस विंचरत होती.

एके सकाळी थोरली जिन्यात थबकली. खाली आई बोलत होती.

"एवढं काय धरून बसायचं मनात? रागाच्या भरात निघून गेला शब्द. त्या भिंतींशीच लग्न लावायचं होतंत, असं म्हणाले मी. चुकलेच. पण तुम्ही जेवायला यायचंत ना वर. मी वाढून ठेवलं होतं." मग बराच वेळ काहीच नाही. कान लावलेला असणार. मग बारीक आवाजात, "रुसलात ना माझ्यावर?"

थोरली आल्या पावली वर गेली. बाबा गेले त्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं, हे आईने तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्यांनी होते नव्हते ते उपाय करून पाहिले. पिंपाला घोंगडी गुंडाळली, खाली हीटर लावला. धाकट्याने वेलींवर राहिलेले घोस आणून अंगणात बादलीत कुस्करले; ते तिथे मजेत फसफसलं, आणि पिंपात ओतलं की मुकाट झालं. रस अर्धवट गोड, अर्धवट आंबलेला, असा मध्येच लटकून राहिला होता. वर त्याला नखांच्या पॉलिशसारखा एक पुसट वास यायला लागला होता. आणखी काही दिवस असंच गेलं, तर त्याचं व्हिनेगर होणार होतं.

त्या दिवशी थोरलीने कान लावायला डोकं टेकवलं, आणि ऐकण्याऐवजी तिला वास आला. लाकडाचा नाही, रसाचाही नाही. तिच्या दवाखान्याचा. सकाळी शटर उघडल्यावर येतो तो, ब्लीचचा; लाकडात अजून मुरलेला. तिथे तिचं कामच मुळी ते होतं: अवजारं, ट्रे, खुर्चीचे हात, सगळं असं पुसायचं की डोळ्यांना न दिसणारं काही म्हणजे काही जिवंत राहता कामा नये. त्या कामात ती पटाईत होती. ती वळली आणि त्या पांढऱ्या भिंतींकडे बघत राहिली.

विरजण आपलं आपण येत नव्हतं. ते इथेच राहत होतं. त्या काळ्या मऊ बुरशीत, लाकडाच्या फटींत, छताच्या कोपऱ्यांत, आजोबांपासून. दरवर्षी रस यायचा, ते जागं व्हायचं, साखर खायचं आणि पुन्हा भिंतीत जाऊन निजायचं. शिंगं, चंद्र, ढवळणं, सगळ्याचा घरात एवढा बोलबाला, आणि ज्याच्या जिवावर सगळं चाललं होतं त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. आईने ते फुलांच्या दिवशी, कॅलेंडर बघून, हात सोलवटेपर्यंत घासून मारून टाकलं होतं.

तिने धाकट्याला वेलींच्या ओळीत गाठलं. ऐकता ऐकता तो मटकन खाली बसला.

"शिडी मी धरली होती, ताई," तो म्हणाला.

"तुला काय माहीत होतं? मलाही नव्हतं. मी तर वर शाबासकी दिली."

"आईला सांगायला हवं."

"काय सांगणार? की बाबा रुसलेले नाहीत, तूच त्यांचा आवाज बंद केलास?"

धाकट्याने बराच वेळ माती कुस्करली. "मग काय करायचं?"

"पाकीट आणायचं."

तो दचकून वर बघायला लागला. पाकीट म्हणजे दुकानातलं यीस्ट. त्या घरात हा शब्द शिवीसारखा होता. "बाटलीवरचा शिक्का जाईल. बायोडायनॅमिक म्हणून विकता येणार नाही एकही बाटली."

"जाऊ दे."

"बाबा असते तर पिंप गटारात ओतलं असतं, पण पाकीट घातलं नसतं."

"बाबा नाहीत," थोरली म्हणाली. हे वाक्य तिने मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारलं. दोघं भावंडं मातीत शेजारी शेजारी बसून रडली.

शेजारच्या मळेवाल्याला बाबांनी नावच पाकीटवाला ठेवलं होतं. त्याच्याकडे स्टीलच्या टाक्या, नळ्या, घड्याळासारखे काटे. थोरली दारात जाऊन उभी राहिली तेव्हा तो एक टाकी धूत होता. तिने कसंबसं सांगितलं. त्याने नळ बंद केला, हात पुसले आणि फडताळातून एक चंदेरी पाकीट काढलं.

"तुझे बाबा मला पाकीटवाला म्हणायचे, माहितीय ना?"

थोरलीने मान खाली घातली.

"तोंडावर म्हणायचे की! लाजतेस कसली?" तो हसला. "हे आधी कोमट पाण्यात उठव, मग ओत. हे कशालाच भीक घालत नाही, बोलायला लागेल." मग हसू मावळलं. "तुमची वाइन मी दरवर्षी घ्यायचो, दुसऱ्या कुणाला तरी पाठवून. त्यांना कळलं असतं तर दिली नसती. तसलं काही मला जन्मात करता आलं नाही." त्याने पाकीट तिच्या हातात ठेवलं. "म्हणजे आता ती वाइनही गेली."

त्याला टोचून बोलायचं नव्हतं, तो खरोखरच हळहळत होता. थोरलीला ते टोमण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मळ्याला शेणाचं पाणी द्यायचं होतं. ते ढवळायचं काम आता आईने हट्टाने स्वतःकडे घेतलं होतं. एकदा ढवळायला घेतलं की तासभर जागेवरून हलायचं नाही, म्हणून थोरलीने तीच वेळ धरली. तळघराचा झरोका अंगणात निघायचा. ती कोमट पाण्यातलं यीस्ट घेऊन शिडीवर चढली, तेव्हा वर आईचा खराटा पाण्यात फिरताना ऐकू येत होता. एका अंगाने, मग उलट अंगाने. पातेल्यातून ताज्या पावाचा वास येत होता, अगदी भला, निरुपद्रवी. तिने ते ओतलं. वर आई इमानेइतबारे पाणी घुसळत होती, आणि खाली तिची पोटची मुलगी तिला फसवत होती. आयुष्यात इतकं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं.

पुढल्या सकाळी आईची हाक घरभर घुमली. "बोलायला लागले! अरे या, बोलायला लागले!"

दोघं धावत खाली गेली. कान लावायचीही गरज नव्हती. जिन्यातच खळखळ ऐकू येत होती. आईने दोन्ही हात पिंपाभोवती पसरले होते, आणि ती हसत होती, रडत होती.

"केवढी घाई!" ती म्हणाली. "नेहमी कसे अडखळत, रखडत सुरू व्हायचे. आता नुसता धबधबा. सगळा उन्हाळा गप्प बसले ना, म्हणून." मग लाकडाला गाल लावून हलकेच, "गेला ना राग?"

धाकटा तिथून निघून गेला. थोरली थांबली, कारण कुणीतरी थांबायला हवं होतं.

त्यानंतर आई रोज खाली जायला लागली, सकाळी आणि दुपारीही. रजा संपेपर्यंत थोरली जिन्यातून ते ऐकत राहिली. आईने पिंपाला सगळं सांगितलं. लग्नाआधी तिला दुसराच कुणी आवडत होता ते. धाकट्याच्या पाठीवरचं जे मूल राहिलं नाही, त्याचं नाव तिने मनात काय ठेवलं होतं ते. बाबा गेल्यापासून ती त्यांच्या बाजूला झोपते, आपल्या बाजूला नाही, ते. जे जिवंत नवऱ्याला कधी सांगता आलं नव्हतं, ते ती त्या खळखळीला सांगत होती, आणि खळखळ प्रत्येक गोष्टीला होकार देत होती. थोरली जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून दोन्ही कानांवर हात दाबून धरायची. आई सुखात आहे, असं ती स्वतःला बजावायची. ते खरंही होतं, आणि म्हणूनच ते बघवत नव्हतं.

साखर संपली. पिंप शांत झालं. आई म्हणाली, "दमले आता," आणि तिने वर येऊन सगळ्यांना पोटभर जेवायला वाढलं.

पहिली बाटली उघडायच्या वेळी थोरली शहरातून आली. कॅलेंडरात फळांचा दिवस होता. आईने स्वतः तो शोधला होता. टेबलाभोवती तिघं बसली. बाबांच्या जागी आई. तिने प्रत्येकाच्या ग्लासात बोटभर ओतलं. वाइन स्वच्छ होती, पाण्यासारखी निवळ, आणि ड्राय, अगदी हवी तशी ड्राय. थोरलीने घोट घेतला आणि जीभ वाट बघत राहिली. लिंबू नव्हतं, ओला दगड नव्हता, आडमुठेपणा नव्हता. चुकलेलं काहीच नव्हतं.

धाकट्याने खाकरून घसा साफ केला. "यंदा जरा आंबट झालीय, नाही?" त्याचं नाटक लहान पोरालाही कळलं असतं.

"दगड बरा लागला असता," थोरली घाईघाईने म्हणाली.

दोघं आईकडे बघत राहिली. तिने अजून एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ग्लास तिने हळूच, आवाज न करता टेबलावर ठेवला. घरची यजमानीण परक्या पाहुण्याशी जसं बोलते, तसं अदबीने ती म्हणाली, "छान आहे हो."

जेवणं उरकली. ग्लासांत वाइन तशीच राहिली.

सकाळी थोरली स्वयंपाकघरात आली, तेव्हा आई शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. शेजारी कालची बाटली होती, आणि ती पातेल्यात उपडी करून झाली होती. आई डावाने ढवळत होती, एका अंगाने, मग उलट अंगाने.

"भिंती ना?" तिने मागे न वळता विचारलं.

नाही म्हणायचं थोरलीने कितीदा घोकून ठेवलं होतं, ते तिला आता आठवेना.

"मला वाटलंच," आई म्हणाली. "पहिल्याच सकाळी वाटलं होतं. एवढी घाई ह्यांना कधी नव्हती." ती ढवळत राहिली. वाफेत तिचा चेहरा दिसत नव्हता. बऱ्याच वेळाने तिचा हात थांबला.

"पण मग मी इतके दिवस," ती म्हणाली, "ते सगळं कुणाला सांगितलं गं?"